परीक्षा चालकाची, गाडी कोणाची?

१. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नव्याने रुजू झालेला एखादा तरुण घ्या, किंवा लग्न होऊन साताऱ्यात आलेली एखादी सून. हाती शिकाऊ परवाना आहे, तीस दिवस उलटले आहेत, चाचणीची तारीखही मिळाली आहे. ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज केला, त्याच प्रकारच्या वाहनावर चाचणी द्यायची, असा कायदा. वाहन मात्र उमेदवाराने आणायचे. नवख्या गावात ते आणायचे कोठून?

२. भाड्याने घ्यावे म्हटले, तर स्वतः चालवण्यासाठी गाडी देणारा आधी पक्के लायसन्स दाखवा म्हणतो. लायसन्ससाठी गाडी हवी आणि गाडीसाठी लायसन्स. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशी ही गत. ही गाठ केव्हा बसली, कोणी सैल केली आणि अजून किती घट्ट आहे, ते या धाग्यात पाहू.

३. आरंभ दूरवरून करावा लागेल. १४ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिसच्या पोलिसांनी मोटारचालकांना योग्यतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने परवाना आणला, पण त्यासाठी परीक्षा ठेवली नाही. पाच शिलिंग भरले आणि वय सतरा असले की परवाना मिळे. परवान्याचा हेतू कौशल्य तपासण्याचा नव्हता. अपराध घडल्यास चालक कोण, हे कळावे एवढाच होता.

४. हिंदुस्थानात प्रांतोप्रांती वेगळे नियम होते. त्यांना एका सूत्रात ओवणारा ‘इंडियन मोटार व्हेइकल्स ॲक्ट’ १९१४ साली आला. अठरा वर्षांखालील व्यक्तीने सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवू नये आणि चालकापाशी परवाना असावा, ही त्याची मुख्य कलमे. बारकावे प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपवले होते. हा कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, आणि आपल्या भागात नेमकी तिथेच मेख होती.

५. त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब यांच्या निधनानंतर डलहौसीने सातारा खालसा केला. म्हणून सातारा हा इंग्रजी जिल्हा. तासगाव, वाळवा, खानापूर हे आज सांगली जिल्ह्यात असलेले तालुकेही तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सांगली मात्र पटवर्धनांची. मिरजेच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन निराळी संस्थाने, जत डफळ्यांचे, तर कुंडल आणि आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींची.

६. साताऱ्याहून कऱ्हाड, इस्लामपूर करीत सांगली-मिरजेला निघालेली मोटार एका दिवसात इंग्रजी मुलखातून संस्थानी मुलखात शिरे. ब्रिटिश हिंदुस्थानाचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. तेथे दरबारचा हुकूम चाले. रस्ता तोच, कृष्णेचे खोरे तेच, पण हद्द ओलांडली की कायद्याच्या कागदावर चालक नवखा ठरे.

७. मग ‘गाडी कोणाची’ हा प्रश्न तेव्हा का उठला नाही? कारण मोटार ही संस्थानिक, बडे अधिकारी आणि धनिक यांच्या घरची वस्तू होती. चालवणारा बहुधा पगारी ‘शोफर’. (फ्रेंच भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा.) मालकाच्या घरी मोटार आली की चालक लागणारच. परवान्यासाठी गाडी मालकाचीच असे. परवाना नोकरीच्या पाठोपाठ येई, त्यामुळे गाठ बसण्याचे कारण नव्हते.

८. ब्रिटनमध्ये मोटारी वाढल्या, तसे मृत्यूही वाढले. १९३४ या एका वर्षात तेथे रस्त्यांवर ७,३४३ माणसे दगावली. त्याच वर्षी कायदा झाला, मार्च १९३५ पासून ऐच्छिक आणि १ जून १९३५ पासून नव्या चालकांना सक्तीची परीक्षा सुरू झाली. शुल्क साडेसात शिलिंग. परीक्षक सरकारी, मोटार उमेदवाराची. त्याच सुमारास शिकाऊ चालकाच्या गाडीवर लाल ‘एल’ अक्षराची पांढरी पाटी आली.

९. ही व्यवस्था चार वर्षांत इकडे पोहोचली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या परिशिष्टात चालकाच्या परीक्षेची यादीच दिली. इंजिन सुरू करणे, सरळ किंवा तिरपे निघणे, समोरून येणाऱ्या वाहनाला बाजू देणे, कोपरे वळणे, अचानक थांबणे, मागे घेत अरुंद जागेत शिरणे, हाताने इशारे करणे. आज मैदानावर उमेदवाराकडून जे करवून घेतात, त्याचा सांगाडा तेव्हाचाच आहे.

१०. याचा एक गमतीदार पुरावा आपल्या डोळ्यांसमोर रोज फिरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ‘एल’ची पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस हवी. अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच आणि तळाशी ९ सेंटीमीटर रुंद. ही अशी मापे का? ब्रिटिश पाटी सात इंची, तिचे अक्षर चार इंच उंच आणि साडेतीन इंच रुंद. इंचांचे सेंटीमीटर झाले, पाटी तीच राहिली.

११. पाटीबरोबर ब्रिटनची दुसरी धारणाही आली : परीक्षा सरकार घेईल, गाडी उमेदवार आणील. तिकडे ज्याच्यापाशी मोटार नव्हती तो शिकवणाऱ्या संस्थेची मोटार भाड्याने घेई. लंडनची ‘ब्रिटिश स्कूल ऑफ मोटरिंग’ १९१० पासून चालू होती. इकडे कायद्याची धारणा आली, पण गावोगाव तशा शाळा आल्या नाहीत. गाठ बसली ती इथे.

१२. दरम्यान नकाशा बदलला. ८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, औंध, फलटण इत्यादी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली झाले. सातारा ते जत आता एकच मोटार कायदा. हद्दीपुरता चालकाचा नवखेपणा संपला. गाडीचा प्रश्न मात्र आता कोठे सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचत होता.

१३. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ट्रक-ट्रॅक्टर आले. चालकी हा शेतकऱ्याच्या मुलालाही खुला असलेला पेशा झाला. पण जड वाहनाच्या परीक्षेला ट्रक आणायचा कोठून? याचे उत्तर व्यवहाराने काढले. मुलगा आधी ‘क्लीनर’ म्हणून, बोलीत सांगायचे तर किन्नर म्हणून, ट्रकवर चढे.

१४. टायर बदलणे, पाणी बघणे, ताडपत्री आवळणे आणि मोकळ्या रस्त्यावर वस्तादाच्या शेजारी बसून थोडे स्टिअरिंग. कधीतरी मालक परीक्षेसाठी ट्रक देई. म्हणजे परीक्षेच्या गाडीचे भाडे पैशात नव्हे, काही वर्षांच्या राबणुकीत फेडले जाई. ज्याची कोणाशी ओळख नाही, त्या परगावच्या मुलाला हीच वाट सर्वांत लांब पडे.

१५. दुचाकीने गाठ बरीच सैल केली, आणि त्यात साताऱ्याचा वाटा आहे. १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. बजाज ऑटोच्या सहभागाने तिच्या सातारच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. मोटारीपेक्षा स्कूटर शेजाऱ्याकडून मागून आणणे सोपे. सकाळी मागायची, मैदानात पाय न टेकवता आठचा आकडा काढायचा, दुपारी टाकीत थोडे पेट्रोल घालून परत करायची.

१६. मोटारीचे तसे नव्हते. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. असली गाडी शिकाऊ माणसाच्या हाती कोण देणार? पैसे देऊन घ्यावी, तर कायदा आडवा. खाजगी म्हणून नोंदलेली मोटार परमिटाविना भाड्याने चालवता येत नाही. हे १९३९ च्या कायद्यातही होते आणि आजही आहे. मित्राची मोटार प्रेमाने मागता येते, भाड्याने नाही.

१७. खरे वळण आले १९८९ मध्ये. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी दोन वेगळ्या व्यवस्था झाल्या. पहिली, कलम ७५ खालील ‘रेंट अ कॅब’ योजना. स्वतः चालवण्यासाठी मोटार भाड्याने देण्याला तिने कायदेशीर चौकट दिली. गोव्यात दिसणाऱ्या काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या गाड्या त्या याच. मूळ योजनेत व्यावसायिकापाशी किमान ५० मोटारी असण्याची अट होती. जिल्ह्याच्या गावात असा पसारा कोण मांडणार?

१८. दुसरी व्यवस्था ड्रायव्हिंग स्कूलची. नव्या नियमांनी या शाळांना स्वतंत्र परवाना, नोंदवही आणि अभ्यासक्रम लावून दिला. हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचे शिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास. शिकवणारा किमान दहावी उत्तीर्ण, पाच वर्षांचा अनुभवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी केवळ शिकवण्यासाठी राखलेली, तिला शिक्षकाच्या पायाशी दुसरे नियंत्रण.

१९. म्हणजे भाड्याच्या मोटारीचे दोन दरवाजे झाले. पक्के लायसन्स असलेल्यासाठी काळ्या पाटीची गाडी, नसलेल्यासाठी शाळेची गाडी. आज सातारा किंवा सांगलीच्या मैदानावर छतावर शाळेची पाटी मिरवणारी मोटार परीक्षेला उभी दिसते, ती या दुसऱ्या दरवाजातून आलेली असते. आपण तिला ‘क्लासची गाडी’ म्हणतो. परीक्षेपुरती ती भाड्याचीच गाडी.

२०. नवख्यांसाठी कायद्यात आणखी एक खिडकी होती. तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अर्ज राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या कार्यालयात करता येई. त्याखेरीज ज्या शाळेत शिकलो, ती शाळा जेथे आहे तेथील कार्यालयातही करता येई. गावात घर नाही, पण शाळा आहे, तर अर्जाचा हक्क आहे. परक्या गावात शाळेने नवख्याला गाडी दिली, त्याबरोबर उभे राहायला जागाही दिली.

२१. मग गाठ सुटली म्हणायची का? पूर्ण नाही. चाचणीत नापास झाल्यास पुन्हा सात दिवसांनी बसता येते. तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची. घरी मोटार असलेल्याचा नापास होण्यात जातो तो वेळ. बिनगाडीवाल्याला दर वेळी क्लासच्या गाडीची सोय नव्याने करावी लागते आणि दिवसाची मजुरी किंवा रजा बुडते ती वेगळीच. एकाच चुकीची किंमत दोघांना वेगळी पडते.

२२. शिवाय परकी गाडी परकीच. प्रत्येक मोटारीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो, ब्रेकचा घट्टपणा वेगळा, आरशांची बैठक वेगळी. नियम १५ मधील यादीची सुरुवातच आरसा नीट करण्यापासून होते. त्याच यादीत चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा काढणे आहे, आणि उतारावर झटकन खालचा गिअर टाकणेही आहे.

२३. या कलमाचा अर्थ साताऱ्यात आणि सांगलीत सारखा नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या साताऱ्यात चढ दारातच आहे. यवतेश्वर, पसरणी, खंबाटकी हे घाट हाकेच्या अंतरावर. सांगली कृष्णाकाठची सपाट भूमी. तेथे शिकलेल्याने हँडब्रेक ओढून, हाफ क्लचवर इंजिनाची ओढ जाणवेपर्यंत थांबून, मग ब्रेक सोडायचा हा धडा मुद्दाम एखाद्या चढावर जाऊन गिरवावा लागतो. तो न गिरवता जो पास होतो, त्याची खरी परीक्षा पुढे घाटात ट्रकच्या मागे होते.

२४. दुसऱ्या ब्रेकचाही विचार व्हावा. शिकताना तो जीव वाचवतो. परीक्षेच्या वेळी त्यावर शिक्षकाचा पाय असेल, तर गाडी कोणी थांबवली हे परीक्षकाला बाहेरून कळणे कठीण. उमेदवाराची गाडी, शाळेची गाडी आणि सरकारची परीक्षा ही घडण जोवर आहे, तोवर परीक्षकाच्या सचोटीवर आणि नजरेवर सारी भिस्त राहते.

२५. येथे कायद्यातील एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. परदेशातील सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेला परवाना असेल, तर अटी पूर्ण केल्यावर १९८८ च्या कायद्याने चाचणीतून सूट मिळू शकते. म्हणजे अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवून सांगलीला परतलेला चाचणीवाचून परवाना मिळवू शकतो. जतच्या दुष्काळी भागातून पोट भरायला आलेल्याला मात्र आधी गाडी शोधावी लागते. दोघेही नवखेच. एकाचा कागद आधीच तयार असतो, इतकेच.

२६. पोटापाण्याच्या बाबतीत अलीकडे काही दारे उघडली. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली गेली. चालकी येते पण शाळा सुटली, अशांना तिने अडवून धरले होते. ३ जुलै २०१७ रोजी मुकुंद देवांगण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवानाधारक ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहनही वेगळ्या नोंदीविना चालवू शकतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तो कायम केला.

२७. याचा अर्थ क्लासच्या मोटारीवर मिळवलेल्या परवान्यावर पिवळ्या पाटीचा छोटा टेम्पो किंवा टॅक्सी चालवून संसार उभा करता येतो. म्हणून परीक्षेच्या दिवशी गाडी मिळते की नाही, हा प्रश्न क्षुल्लक नाही. काहींना तो फिरण्याच्या सोयीचा वाटेल. अनेकांच्या बाबतीत तो थेट रोजगाराचा आहे.

२८. कागदाची बाजूही हलकी झाली. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने अर्जासाठी राज्यातील कोणतेही परवाना कार्यालय चालेल, असा बदल केला. एमएच-११ सातारा, एमएच-१० सांगली, एमएच-५० कऱ्हाड ही अक्षरे गाडीची ओळख सांगतात. माणसाला त्यांनी अडवू नये, हा त्यामागचा विचार. जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येऊ लागली. पत्त्याची अडचण बरीच सरली, गाडीची राहिली.

२९. तिच्यावरही उपाय लिहिला गेला. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तास : आठ वर्गात, एकवीस प्रत्यक्ष गाडीवर. केंद्राची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट. शिकवणाऱ्याचीच गाडी, त्याचाच ट्रॅक, त्याचेच प्रमाणपत्र. १ जून २०२४ पासून कार्यालयातील चाचणी सर्वांसाठीच बंद होणार, ही तेव्हा पसरलेली वार्ता मात्र चुकीची होती. केंद्र सरकारनेच तसा खुलासा केला.

३०. पण अशा केंद्रासाठी किमान एक एकर जागा हवी, जड वाहनांसाठी दोन एकर. जेथे केंद्र जवळ नाही, तेथे जुनीच वाट : क्लासची गाडी आणि कार्यालयाचे मैदान. शिवाय जो शिकवतो तोच उत्तीर्ण ठरवतो, तेव्हा परीक्षकाची सचोटी हा जुना प्रश्न फक्त जागा बदलतो.

३१. म्हणून या वाटेने जाणाऱ्या नवख्यांना इतिहासातून निघालेल्या चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्या गाडीवर शिकलात, तीच गाडी परीक्षेला मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारा. तिचा विमा आणि पीयूसी चालू आहे ना, ते पाहा. दहा तासांचा हिशेब नोंदवहीत लिहिला जातो ना, त्यावर लक्ष ठेवा. शाळेचे नमुना ५ चे प्रमाणपत्र मागून घ्या. आणि सांगलीत शिकत असाल, तर एक दिवस चढ शोधून गाडी मागे न घसरता काढून पाहा.

३२. संस्थानांच्या हद्दी पुसल्या गेल्या, पत्त्याचे कुंपण खाली आले, शिक्षणाची अट गेली. परवाना माणसाची योग्यता तपासतो, हे तत्त्व १९३९ पासून आपल्या कायद्यात आहे. ती योग्यता दाखवायला लागणारी गाडी मात्र आजही ज्याने त्याने आपली शोधायची आहे. पुढच्या वेळी घाटात एखादी ‘एल’ पाटीची मोटार अडखळत पुढे चाललेली दिसली, तर हॉर्न वाजवण्याआधी क्षणभर थांबा. ती गाडी बहुधा चालवणाऱ्याची नाही. त्याने ती तासाच्या हिशेबाने मिळवलेली आहे.